चाळीस शिलिंगांची जमीन आणि एक मत: ब्रिटनच्या जुन्या काउंट्या आणि मालमत्तेवरचा मताधिकार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लंडनच्या वायव्येला हॅरो भागात राहायला आलेला मराठी माणूस कधी ना कधी पत्त्यावरून बुचकळ्यात पडतो. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर लिहिलेलं असतं लंडन बरो ऑफ हॅरो. शेजारच्या आजोबांच्या ख्रिसमस कार्डावर मात्र खाली ठसठशीत 'मिडलसेक्स'. हे मिडलसेक्स कुठं आहे, असं विचारलं की आजोबा म्हणतात, "तुम्ही त्यातच उभे आहात." तिथून विषय निघतो काउंट्यांचा, म्हणजे इथल्या जुन्या जिल्ह्यांचा, मग जमिनीचा, मग मतांचा. लोक नेहमी जे विचारतात ते इथे एका जागी मांडलं आहे.

मिडलसेक्स नावाची काउंटी आज आहे की नाही?

कारभारापुरती नाही. १९६५ साली ग्रेटर लंडन झालं तेव्हा मिडलसेक्सचं काउंटी कौन्सिल गुंडाळलं गेलं. बहुतेक भाग लंडनमध्ये गेला, स्टेन्स आणि सनबरी सरेकडे, तर पॉटर्स बार हर्टफर्डशायरकडे. नाव उरलं ते लॉर्ड्सवर खेळणाऱ्या क्रिकेट क्लबात आणि जुन्या माणसांच्या पत्त्यात.

इंग्लंडच्या अशा जुन्या काउंट्या ३९. त्यातल्या कित्येक १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्याही आधीच्या. त्या नकाशावर रेघा ओढून कुणी आखलेल्या नाहीत. राजाचा अधिकारी जिथवर वसुली आणि न्यायनिवाडा करी, तिथवर ती शायर, म्हणजेच काउंटी. त्या अधिकाऱ्याला म्हणत शायर-रीव्ह, त्याचाच पुढे शेरीफ झाला. मुंबईला शेरीफ हे मानाचं पद आलं ते त्याच घराण्यातलं.

१ एप्रिल १९७४ ला मोठी फेरफार झाली. एवढीशी रटलंड लेस्टरशायरच्या पोटात गेली, एव्हन आणि हंबरसाइडसारखी नवी नावं आली. लोकांनी ती कधी आपली मानली नाहीत. १९९६ मध्ये ही दोन्ही गेली, १९९७ मध्ये रटलंड स्वतंत्र होऊन परत आली. यॉर्कशायरची माणसं तर १ ऑगस्टला आपला दिवस साजरा करतात आणि १९७४ चा विषय काढला की अजून भडकतात.

काउंटीचा आणि मताचा संबंध काय?

सगळा संबंध तोच. काउंटी म्हणजे नुसता जिल्हा नव्हे, तो एक मतदारसंघ होता. काउंटीतर्फे पार्लमेंटात जे दोघे जात त्यांना नाइट्स ऑफ द शायर म्हणत. त्यांची निवड शेरीफच्या काउंटी कोर्टात होई. अवाढव्य यॉर्कशायरला दोन जागा आणि एका दिवसात पालथी घालता येईल अशा रटलंडलाही दोनच. यॉर्कशायरला १८२६ मध्ये आणखी दोन मिळाल्या, त्याही कॉर्नवॉलमधल्या ग्रॅमपाउंड या भ्रष्ट बरोच्या (स्वतःचे खासदार असलेल्या गावाच्या) काढून घेतलेल्या. डरहॅम काउंटी बिशपच्या खास अमलाखाली असल्यामुळे तिला १६७० च्या दशकापर्यंत एकही प्रतिनिधी नव्हता.

काउंटीच्या आत जी शहरं होती, म्हणजे बरो, त्यांचे प्रतिनिधी वेगळे आणि मताचे नियमही वेगळे. प्रत्येक बरोची तऱ्हा निराळी. काउंट्यांमध्ये मात्र इंग्लंडभर एकच नियम होता आणि तो चारशे वर्षं टिकला.

तो चाळीस शिलिंगांचा नियम नेमका काय होता?

१४२९ च्या पार्लमेंटात कायदा झाला. काउंटीच्या निवडणुकीला फार गर्दी लोटते, त्यात बहुतेक अगदी किरकोळ ऐपतीचे असतात आणि तरी आपलं मत मोठ्या लोकांच्या तोडीचं आहे असं समजतात, अशी तक्रार कायद्यातच लिहून ठेवली आहे. पुढे मारामाऱ्या होतील ही भीतीही घातली आहे. उपाय असा: ज्याच्याकडे वर्षाला खर्च वजा जाता निदान ४० शिलिंग उत्पन्न देणारी फ्रीहोल्ड, म्हणजे ढोबळमानाने मालकीची, मालमत्ता आहे, त्यालाच मत. १४३२ मध्ये आणखी स्पष्ट केलं की ही मालमत्ता त्याच काउंटीत असली पाहिजे.

४० शिलिंग म्हणजे दोन पौंड. एका शिलिंगात बारा पेन्स, म्हणून ४८० पेन्स. त्या काळी चांगल्या गवंड्याला किंवा सुताराला दिवसाला सुमारे सहा पेन्स मिळत. हिशेब केला तर ८० दिवसांची मजुरी झाली, आणि तीही हात न हलवता, नुसत्या जमिनीतून यायला हवी. लहान माणसाला बाहेर ठेवण्यासाठी भिंत पुरेशी उंच होती.

गंमत पुढेच आहे. ही रक्कम कुणी वाढवलीच नाही. सोळाव्या शतकात महागाई भडकली, पैशाची किंमत घसरत गेली, तरी कायद्यात आकडा तोच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ४० शिलिंग म्हणजे त्याच गवंड्याची जेमतेम दोन आठवड्यांची कमाई उरली होती. गरिबांना दाराबाहेर ठेवायला घातलेला उंबरठा झिजत झिजत जमिनीला टेकला. खाटीक, लोहार, खानावळवाला, लहान शेतकरी असे हजारो लोक त्यावरून आत आले. मताधिकार वाढवावा असं कुणाच्या मनातही नव्हतं. आकडा बदलायचं काम आळसाने किंवा भीतीने राहून गेलं, एवढंच. या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

फ्रीहोल्ड म्हणजे सातबारा नावावर असणं का?

जवळपास, पण इंग्रजी जमीन-कायद्याचे पीळ आपल्या वतनांपेक्षा कमी नाहीत. स्वतःच्या मालकीची जमीन म्हणजे फ्रीहोल्ड, हे सरळ आहे. पण कुणाच्या हयातीपुरता भाडेपट्टा असेल, तर कायद्याच्या नजरेत तोही फ्रीहोल्ड. उलट ९९९ वर्षांचा पट्टा असला तरी तो ठरावीक मुदतीचा, म्हणून फ्रीहोल्ड नाही. म्हणजे खोकत खोकत दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्याच्या हयातीवर बेतलेल्या पट्ट्याला मत, आणि दहा शतकं चालणाऱ्या पट्ट्याला काही नाही!

तिसरा प्रकार कॉपीहोल्ड. जमीनदाराच्या दप्तरातल्या नोंदीची नक्कल हाच ज्याचा पुरावा, तो कॉपीहोल्डर. त्याला मत आहे की नाही यावरून १७५४ च्या ऑक्सफर्डशायर निवडणुकीत एवढा घोळ झाला की निकाल पार्लमेंटात जाऊन लढवावा लागला. १७५८ मध्ये कायदा करून कॉपीहोल्डरांना सरळ बाहेर काढलं.

शिवाय मालमत्ता म्हणजे जमीनच पाहिजे असंही नाही. चर्चचं उत्पन्न भोगणारा पाद्री, हयातीपुरतं पद असलेला पॅरिशचा कारकून, जमिनीवर बसवलेलं वर्षासन घेणारा माणूस, हे सगळे फ्रीहोल्डर ठरू शकत. बायकोच्या नावची जमीन असेल तर मत नवऱ्याला.

मत राहत्या घरी की जमीन असेल तिथे?

जमीन असेल तिथे. मतदाराने त्या काउंटीत राहायला हवं असा पंधराव्या शतकातला नियम कागदावर होता, पण पुढे कुणी पाळला नाही आणि १७७४ मध्ये तो रद्दच केला. त्यामुळे लंडनात राहणाऱ्याची केंट, सरे आणि एसेक्समध्ये जमीन असेल तर तीन काउंट्यांत तीन वेळा मत. आज आपल्याला हे विपरीत वाटतं; त्या काळच्या माणसाला वाटत नसे, कारण मत माणसाचं नव्हतंच, ते जमिनीचं होतं. माणूस फक्त जमिनीच्या वतीने बोलायला यायचा.

बोलायचा हे अगदी शब्दशः. १८७२ पर्यंत गुप्त मतदान नव्हतं. काउंटीच्या मुख्य गावी लाकडी मंडप उभारत. मतदार पायऱ्या चढून वर जाई, नाव सांगे, जमीन कोणत्या गावात आणि सध्या ती कोण कसतो ते सांगे, मागितली तर शपथ घेई, मग सगळ्यांच्या देखत उमेदवारांची नावं उच्चारी. कारकून वहीत लिहून घेई. खाली उभ्या गर्दीत जमीनदाराचा माणूसही असे. दोन जागा, म्हणून दोन मतं. पण आपल्याच माणसाला जोर द्यायचा असेल तर एकच मत देऊन दुसरं सोडून देत. या मतनोंदी पुढे छापून विकल्याही जात. आज इंग्लंडमधले लोक पूर्वजांचा माग काढताना या वह्या चाळतात तेव्हा खापरपणजोबांनी कुणाला मत दिलं होतं हेही कळतं.

१८०७ ची यॉर्कशायरची निवडणूक याचा कळस. मतदान फक्त यॉर्कच्या किल्ल्याच्या आवारात, तेही पंधरा दिवस. काउंटीच्या कानाकोपऱ्यातून मतदारांना घोडागाड्यांनी आणायचं, ठेवायचं, खाऊपिऊ घालायचं आणि परत पोचवायचं, सगळं उमेदवाराच्या खर्चाने. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्यम विल्बरफोर्स ११,८०८ मतांनी पहिले आले, लॉर्ड मिल्टन ११,१७७ मतांनी दुसरे, हेन्री लॅसेल्स १०,९९० मतं घेऊन पडले. मिल्टन आणि लॅसेल्स या दोघांच्या घराण्यांनी प्रत्येकी सुमारे एक लाख पौंड उडवले. पडलेल्याचे तर पैसेही गेले आणि जागाही.

मग खोटे मतदार तयार करत नसत?

करत नसत तर नवलच! मोठ्या जमिनीचे कागदोपत्री बारीक तुकडे पाडायचे, ते विश्वासातल्या माणसांच्या नावे करायचे, मतदान झालं की परत घ्यायचे. अशा मतदारांना फॅगट म्हणजे मोळीतली लाकडं म्हणत. १६९६ आणि १७११ मध्ये याविरुद्ध कायदे झाले, पुढे जमिनीवर लँड टॅक्सची आकारणी झालेली असली पाहिजे अशी अट आली. तरी वकील वाट काढतच.

बरोंमध्ये तर कहर. विल्टशायरमधलं ओल्ड सेरम म्हणजे ओसाड टेकडी, वस्ती शून्य. पण तिथल्या ठरावीक प्लॉटांना मत होतं, म्हणून त्या टेकडीतून दोन खासदार निवडून जात.

स्कॉटलंडमध्ये आणखी वेगळं. तिथे जमीन कसण्यावर किंवा नुसत्या मालकीवर नाही, तर राजाकडून थेट मिळालेल्या वरिष्ठ हक्कावर मत. तो हक्क जमिनीपासून सुटा करून विकता येई. त्यामुळे १८३२ पूर्वी सगळ्या स्कॉटलंडच्या काउंट्यांत मिळून काही हजारच मतदार होते.

मिडलसेक्सच्या निवडणुकीचं एवढं नाव का?

जॉन विल्क्समुळे. राजाच्या भाषणावर टीका केल्याबद्दल खटला झालेला, परदेशी पळून परत आलेला हा पत्रकार-पुढारी १७६८ मध्ये मिडलसेक्समधून उभा राहिला. मतदान ब्रेंटफर्डला. मिडलसेक्सला लंडनचा शेजार असल्याने तिथे लहान दुकानदार आणि कारागीर फ्रीहोल्डर पुष्कळ होते. विल्क्सला १,२९२ मतं मिळाली आणि तो पहिला आला. पार्लमेंटाने १७६९ मध्ये त्याला काढून टाकलं, लोकांनी परत निवडून दिलं. पुन्हा काढलं, पुन्हा निवडून दिलं. एप्रिलमध्ये त्याला १,१४३ आणि विरोधातल्या कर्नल लट्रेलला २९६ मतं पडली, तेव्हा पार्लमेंटाने लट्रेललाच विजयी ठरवलं. मतदार कोणाला निवडतात यावर सभागृहाला शेवटचा शब्द आहे का, या प्रश्नावर देशभर रान उठलं. झिजलेल्या उंबरठ्यावरून आत आलेली हीच ती माणसं.

ब्रेंटफर्ड आज हाउन्स्लो बरोमध्ये आहे. हीथ्रोहून लंडनकडे येताना ते वाटेत लागतं.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने मालमत्तेची अट गेली का?

नाही, उलट ती नीट मांडून ठेवली. बरोंमध्ये वर्षाला १० पौंड भाड्याच्या किमतीचं घर किंवा दुकान असेल तर मत. काउंट्यांमध्ये चाळीस शिलिंगवाले कायम राहिले, त्यांच्या जोडीला १० पौंडांचे कॉपीहोल्डर आणि लांब मुदतीचे पट्टेदार आले. वर्षाला ५० पौंड भाडं भरणाऱ्या कुळांनाही मत मिळालं. हे शेवटचं कलम जमीनदारांनी हट्टाने घालून घेतलं, कारण मालक सांगेल तिथे मत देणारं कूळ त्यांना हवंच होतं. मतदारयादी पहिल्यांदा आली ती याच कायद्याने. ओल्ड सेरमसारखी बरो बाद झाली. मोठ्या काउंट्या दोन भागांत कापल्या, यॉर्कशायरच्या तीन रायडिंगना दोन-दोन जागा मिळाल्या. रायडिंग या शब्दाचा अर्थच मुळी 'तिसरा हिस्सा'.

गरिबांनी हीच अट उलटवून वापरली असं म्हणतात, ते कसं?

१८४० च्या दशकात धान्यावरच्या आयात कराविरुद्ध लढणाऱ्या रिचर्ड कॉबडेनच्या मंडळींनी साधा हिशेब मांडला. वर्षाला ४० शिलिंग उत्पन्न देणारी मालमत्ता म्हणजे पाच टक्के दराने साधारण ४० पौंडांची. एवढे पैसे कामगाराकडे एकदम नसतात, पण दर आठवड्याला थोडे थोडे साठले तर? मग जमीनदार मतं फिरवतात त्या काउंटीतच जमीन घेऊन मतदार का होऊ नये?

बर्मिंगहॅममध्ये जेम्स टेलर यांनी १८४७ मध्ये याच कामासाठी फ्रीहोल्ड लँड सोसायटी सुरू केली. आपल्याकडची भिशी आणि गृहनिर्माण संस्था एकत्र केल्यासारखा प्रकार. सगळ्यांच्या वर्गणीतून शहराबाहेर मोठं शेत घाऊक भावात घ्यायचं, रस्ते आखायचे, तुकडे पाडायचे आणि ते सभासदांना द्यायचे. प्लॉटबरोबर मत आलंच. १८४९ मध्ये लंडनात नॅशनल फ्रीहोल्ड लँड सोसायटी निघाली. तिचाच वंश पुढे ॲबी नॅशनल बँकेपर्यंत पोचला. लँकेस्टर शहरात आजही एका वस्तीचं नावच फ्रीहोल्ड आहे.

विरोधक ओरडले की ही तर मतं विकत घेण्याची युक्ती. त्यांना फॅगट मतदारांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता, तेव्हा युक्ती ओळखायला ते चुकणार नव्हते.

आयर्लंडमध्येही हाच नियम होता का?

होता, आणि तिथे त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली. १७९३ मध्ये कॅथलिकांना मत मिळालं, चाळीस शिलिंगवाली गरीब कुळं मोठ्या संख्येने मतदार झाली आणि बराच काळ ती मालक सांगेल तसं मत देत. १८२८ मध्ये क्लेअर काउंटीत त्यांनी मालकांना झुगारून कॅथलिक पुढारी डॅनियल ओकॉनेल यांना निवडून दिलं. दुसऱ्याच वर्षी सरकारने कॅथलिकांना पार्लमेंटात बसायचा हक्क दिला आणि त्याच हाताने आयर्लंडमधली अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली. मतदार दोन लाखांहून अधिक होते ते चाळीस हजारांच्या खाली आले. ज्यांनी लढाई जिंकून दिली त्यांचंच मत गेलं.

बायकांच्या नावावर जमीन असली तर?

जमीन असून उपयोग नव्हता. १८३२ च्या कायद्याने तर 'पुरुष' असा शब्दच घातला. १८६७ मध्ये मँचेस्टरच्या लिली मॅक्सवेल या दुकानदार बाईंचं नाव चुकून यादीत आलं आणि त्यांनी जाऊन मत दिलं. पुढच्या वर्षी कोर्टाने ती वाट बंद केली.

१९१८ मध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेक सगळ्या पुरुषांना मालमत्तेशिवाय मत मिळालं. बायकांना मात्र वयाची तिशी आणि वर मालमत्तेची अट: स्वतः किंवा नवरा घर वा वर्षाला ५ पौंड किमतीची जागा धरून असला पाहिजे. युद्धकाळात कारखान्यात दारूगोळा भरणाऱ्या विशीतल्या, खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुली यातून वगळल्या गेल्या. त्यांना १९२८ पर्यंत थांबावं लागलं.

मालमत्तेचं मत पूर्ण कधी संपलं?

१९४८ च्या कायद्याने. तोवर धंद्याच्या जागेसाठी दुसरं मत देता येई आणि पदवीधरांना विद्यापीठाच्या जागांसाठीही. विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ माहीत असलेल्या मराठी माणसाला हा प्रकार नवा वाटणार नाही. ब्रिटनची एक माणूस एक मत या तत्त्वावरची पहिली सार्वत्रिक निवडणूक २३ फेब्रुवारी १९५० ला झाली. भारताची राज्यघटना त्याआधी महिनाभरच, २६ जानेवारीला लागू झाली होती. लोकशाही त्यांनी आपल्याला शिकवली म्हणणाऱ्यांसमोर या दोन तारखा ठेवाव्यात.

एक अवशेष अजून आहे: सिटी ऑफ लंडन या लंडनमधल्या जुन्या व्यापारी भागाच्या स्थानिक निवडणुकीत कंपन्यांना आपले मतदार नेमता येतात.

हा नियम महाराष्ट्रात पोचला होता का?

वेगळ्या कपड्यांत, पण हो. १९१९ च्या सुधारणांनंतर मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी ग्रामीण भागात मत सारा आकारणीवर ठरलं: साधारण ३२ रुपये साऱ्याची जमीन, रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात १६ रुपये. म्हणजे बहुसंख्य रयत बाहेरच. या सुधारणांआधी मताधिकार समितीपुढे साक्ष देताना तरुण डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी ही पात्रता खाली आणण्याची मागणी केली. पुढे सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकारच मागितला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या जमीन धरू दिली नाही त्यांना जमिनीवर मत द्यायचं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी भारतीय पासपोर्टवर हॅरोमध्ये खोली भाड्याने घेऊन राहतो. मला मत आहे का?

आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे कायदेशीर वास्तव्य असलेला, १८ पूर्ण झालेला भारतीय नागरिक ब्रिटिश पार्लमेंटच्या निवडणुकीतही मत देऊ शकतो. आधी मतदारयादीत नाव घालायचं. अर्ज ऑनलाइन होतो. मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो. घरमालकाला विचारायची गरज नाही. अर्जात पत्ता विचारतात, घर कुणाच्या मालकीचं ते विचारत नाहीत. पत्त्यात खाली मिडलसेक्स लिहिलंत तरी चालेल, पोस्टकोड तेवढा बरोबर टाका.